काजळी किती वाळवायची

आमच्या रशियन बाईंना मी पहिल्याच महिन्यात विचारलं होतं, की काजळी किती तास वाळवायची. त्या म्हणाल्या, "कोरडी होईपर्यंत." मी म्हटलं, कोरडी झाली हे ओळखायचं कसं? त्यावर त्या म्हणाल्या, "हाताला कळतं." असली उत्तरं ऐकली की माझं डोकंच फिरतं. मी पुण्याची. आमच्या घरी साबुदाणा किती भिजवायचा यावरसुद्धा दोन मतं असतात आणि दोन्ही मतं घड्याळ लावून मांडली जातात. इथे तर सिंगापूरच्या तुआस भागातली प्रयोगशाळा, मी गटाची मॅनेजर, आणि माझ्यापुढे कंपनीचा फॉर्म. त्यात ‘तास’ आणि ‘तापमान’ हे दोन रकाने रिकामे. रिकाम्या रकान्यात ‘हाताला कळतं’ असं मी लिहू कशी?

त्यांना बाई म्हणायचे ते मनातल्या मनात. समोर मी त्यांना त्यांच्या पद्धतीनं, त्यांचं नाव आणि वडिलांचं नाव जोडून हाक मारत असे. पण शाळेत आम्हाला विज्ञान शिकवणाऱ्या होत्या तशाच या होत्या. बुटक्या, केस घट्ट बांधलेले, आणि चूक करणाऱ्याकडे चष्म्यावरून बघणाऱ्या. वय बासष्ट. मॉस्कोपासून तासाभरावरच्या एका छोट्या गावातल्या संस्थेत त्यांनी तीस वर्षं फक्त जळण्याचा अभ्यास केला होता. काय जळतं, कसं जळतं, किती वेगानं जळतं. एवढंच.

आमच्या कंपनीला पंपांच्या आणि जहाजांच्या भागांवर द्यायच्या लेपासाठी टायटॅनियम कार्बाइडची पावडर लागते. भयंकर कठीण पदार्थ. तो नेहमी भट्टीत तासन्‌तास तापवून करतात आणि त्यात वीज नुसती ओतावी लागते. रशियनांनी फार पूर्वी, माझ्या जन्माच्याही आधी, एक वेगळीच गोष्ट शोधून काढली होती. टायटॅनियमची पावडर आणि काजळी नीट मिसळायची, दाबून वडी करायची आणि वडीला एका टोकाला पेटवायचं. बस. भट्टी नाही, काही नाही. दोघांच्या संयोगातून इतकी उष्णता निघते, की तीच पुढच्या थराला पेटवते, तो त्याच्या पुढच्याला, आणि वडी स्वतःच स्वतःला भाजून काढते. धूर नाही, ज्वाळा नाही. रशियन लोक त्याला घन ज्योत म्हणतात.

बाईंनी मला ते पहिल्यांदा दाखवलं तेव्हा मी काचेला नाक लावून उभी होते. तारेनं टोकाला ठिणगी दिली आणि एक पांढरा झगझगीत पट्टा वडीतून सरकत गेला. उदबत्तीचा निखारा सरकतो ना, तसा. फक्त अख्खी उदबत्ती दोन सेकंदांत संपली. मी चक्क टाळ्या वाजवल्या. बाई म्हणाल्या, "टाळ्या कसल्या? ती अशीच जळते."

मला या सगळ्याचं जरा जास्तच अप्रूप होतं, त्यालाही कारण आहे. कॉलेजात असताना मी दोन वर्षं संध्याकाळी रशियन शिकायला जायची. घरचे म्हणायचे, जर्मन शीक, काहीतरी उपयोग होईल. पण आमच्या पिढीला रसायनाची गोडी लागली ती स्वस्तात मिळणाऱ्या जाडजूड रशियन पुस्तकांनी, आणि मला ती मूळ भाषेतून वाचायची होती. इथल्या पोरांना यातलं काही ठाऊक नाही. माझ्या गटातल्या एका इंजिनियरनं मला एकदा विचारलं, "रशियन केमिस्ट्री? रॉकेट का?" अरे, तू ज्या यंत्रावर सकाळपासून नमुने चालवतोयस, त्या क्रोमॅटोग्राफीची सुरुवात एका रशियन माणसानं झाडाच्या पानांचे रंग खडूच्या नळीतून वेगळे करून केली. भिंतीवर लावलेला तो मूलद्रव्यांचा तक्ता कुणी मांडला? साखळी प्रक्रिया कुणी उलगडली? आणि आपोआप रंग बदलत राहणारं ते मिश्रण! ज्यानं ते शोधलं त्याचा लेख, असं घडूच शकत नाही म्हणून परत पाठवला होता. मी एवढं सगळं ऐकवल्यावर तो इंजिनियर इथल्या बोलीत म्हणाला, "ओके लाह," आणि पुन्हा स्क्रीनकडे वळला. मी हात टेकले.

तर अशा बाई आमच्याकडे दोन वर्षांच्या करारावर आल्या होत्या. त्या सिंगापूरलाच का आल्या, हे त्यांनी मला दुसऱ्या आठवड्यात जेवताना सांगून टाकलं. त्यांची एकुलती एक मुलगी इथे राहते. बरीच वर्षं मूल होत नव्हतं, आणि आता, कराराच्या दुसऱ्या वर्षी, तिला दिवस गेले होते. तिचे दिवस ऑगस्टमध्ये भरणार होते आणि बाईंचा करार संपणार होता जूनमध्ये. करार वाढला तर इथे राहायचा पास वाढणार, नाहीतर नातवंडाचं तोंड बघण्याआधीच गाशा गुंडाळावा लागणार. मुलीच्या पासवर आईला ठेवून घेता येईल का, याची त्यांनी चौकशी केली होती, पण ते बसत नव्हतं. "म्हणून मला इथे उपयोगी असायला हवं," असं त्या तेव्हा सूप पिता पिता म्हणाल्या. अगदी बाजारहाटाबद्दल बोलावं तसं.

करार वाढवणं आमच्या डायरेक्टरांच्या हातात होतं. माणूस इथलाच, सज्जन, पण मुद्द्याचा. एरवी ते हार्बरफ्रंटच्या मुख्य ऑफिसात बसतात आणि तुआसला येतात ते फक्त सोमवारी. त्यांनी सरळ सांगितलं होतं, की मला तीन सोमवार दाखवा. माझ्यासमोर वडी जळू दे, अखंड निघू दे, मग पुढचं बोलू.

पहिल्या सोमवारी वडी फुटली. पट्टा निम्म्यापर्यंत गेला आणि वडी फुगून तिची चकली झाली. बाई चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या. बुधवारी आम्ही दोघींनी पुन्हा केली तर अखंड. गुरुवारी अखंड. शुक्रवारी तर इतकी सुरेख, की मी तिचा फोटो काढून नवऱ्याला पाठवला. दुसऱ्या सोमवारी डायरेक्टर आले आणि वडीचे तीन तुकडे झाले.

माझा संताप संताप झाला. बाईंवरच. कारण मी दीड वर्ष त्यांच्या कानीकपाळी ओरडत होते, की प्रत्येक गोष्ट लिहून काढा. काजळीत ओल राहिली की जळताना तिची वाफ बाहेर येते आणि वडी फोडते, हे त्यांनीच मला शिकवलेलं. मग ती किती वाळवायची ते लिहायला काय जातं? मी त्यांच्या गावच्या जुन्या लेखांचे गठ्ठेही उपसले. तिथे तरी काय? ‘नेहमीप्रमाणे वाळवून घेतलेली काजळी.’ कपाळ माझं! नेहमीप्रमाणे म्हणजे कुणाच्या नेहमीप्रमाणे? त्यांच्याकडे हिवाळ्यात हवा इतकी कोरडी, की ओठ फुटतात. इथे बिस्किटाचा पुडा अर्धा तास उघडा राहिला तर बिस्किट वाकतं.

"आमच्याकडे वाळवायचं कपाट कधी बंदच झालं नाही," बाई म्हणाल्या. "मी नोकरीला लागले तेव्हा ते चालू होतं. सोडली तेव्हाही चालू होतं. काजळी त्यातच राहायची. हवी तेव्हा काढायची."

"आणि वीज?"

"वीज काय?" त्यांना माझा प्रश्नच कळला नाही. मग कळलं, की त्यांच्या घरीसुद्धा हिवाळ्यात खोल्या गरम ठेवायचं काम गावच्या पालिकेकडे असतं. शरद ऋतूत गाव ते सुरू करतं, वसंतात बंद करतं. घरात बटणच नाही. फार उकडलं तर बर्फात खिडकी उघडायची. मी हे ऐकून इतकी हादरले, की घरी जाऊन नवऱ्याला सांगितलं. तोही हादरला. रिकाम्या खोलीत दिवा चालू राहिला तर आमच्याकडे आजही कुणीतरी कुणाला तरी हाक मारून परत बोलावतं.

दुसऱ्या सोमवारनंतर डायरेक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "हे फार पर्सन-डिपेंडंट आहे. त्यांचा हात चालला तर चालतं. दडपण आलं की बिघडतं. असल्या प्रोसेसचं मी काय करू?" खरं सांगायचं तर मलाही तसंच वाटायला लागलं होतं. बुधवारी जमतं ते सोमवारी का जमू नये? साहेबांसमोर हात थरथरतो, दुसरं काय! बिचाऱ्या बाईंना मी हे बोलूनही दाखवलं. म्हटलं, सोमवारी जरा शांत राहा, त्यांच्याकडे बघूच नका. त्या म्हणाल्या, "मी जनरलांच्या समोर वड्या जाळल्या आहेत." आणि मिश्रण ढवळायला वळल्या. तो आठवडाभर त्या जेवायला माझ्या टेबलावर आल्या नाहीत.

उरला एकच सोमवार.

त्याच्या आधीच्या शनिवारी आम्ही नवरा-बायको लिटिल इंडियाला निघालो होतो, महिन्याचा किराणा आणायला. लिफ्ट आली, नवऱ्यानं दार धरून ठेवलं आणि मी नेहमीप्रमाणे परत घरात गेले. गॅसचा नॉब, गीझर, इस्त्री, पंखे, टीव्हीचं बटण, मोबाइलचा चार्जर. सगळं एकदा हातानं दाबून बघितल्याशिवाय माझा पाय घराबाहेर निघत नाही. आईचा निघत नसे, आजही निघत नाही. परत येईपर्यंत लिफ्ट कोकलायला लागली होती.

"झालं?" नवरा म्हणाला. तो मरीन इंजिनियर. जहाजावर काही बंद करायचं तर चार जणांना विचारावं लागतं, त्यामुळे त्याला माझ्या या फेऱ्यांची भारी गंमत वाटते. "ऑफिसातून निघतानाही असंच करतेस का गं? एक दिवस अख्ख्या तुआसची वीज घालवून येशील."

मी हसले. लिफ्टमध्येही हसत होते. एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, बसलो, तो बहुतेक डाळींच्या भावाबद्दल काहीतरी बोलत होता, आणि मला माझा उजवा हात दिसला. खरंच दिसला. लॅबच्या दाराशी भिंतीवर पाच सॉकेटं आहेत, इथेही आपल्यासारखी बटणांची. इतर दिवशी मागे कुणी ना कुणी असतं, पण शुक्रवारी सगळ्यात शेवटी मी निघते. खांद्याला पर्स, एका हातात डबा, आणि दुसऱ्या हाताचं बोट त्या बटणांवरून जातं. कॉफीचं यंत्र, लेबलांचा प्रिंटर, टेबलफॅन, चार्जर... आणि पाचवं?

"अगं, काय झालं?" नवरा म्हणाला. "पांढरी का पडलीस?"

"मी उतरते. तू हो पुढे."

"आणि किराणा?"

"तू आण. गूळ बघून घे." आणि पुढच्या स्टेशनवर मी उतरून उलट्या दिशेच्या गाडीत बसले.

तुआसला शनिवारी दुपारी काळं कुत्रं नसतं. बसस्टॉपपासून गेटपर्यंत मी जवळजवळ पळत गेले. दार उघडलं तर आत कोंदट, कारण शनिवार-रविवार इमारतीचा एसी बंद असतो. पाचही बटणं बंद. पाचवं बटण काजळी वाळवायच्या ओव्हनचं. मी ओव्हनच्या दारावर हात ठेवला. गार. आत काजळीचे ट्रे, काळेभोर, दिसायला अगदी ठणठणीत कोरडे. शुक्रवार संध्याकाळपासून सोमवार सकाळपर्यंत ते या दमट हवेत बसणार होते, जसे आधीचे कितीतरी आठवडे बसले होते. आणि सोमवारी सात वाजता सगळ्यांच्या आधी मीच येणार, तेच बोट उलट फिरवणार, आणि साडेआठला बाई येतील तेव्हा ओव्हनवर बरोबर तापमान दिसणार. मंगळवार उलटेपर्यंत काजळी पुन्हा वाळलेली. म्हणून बुधवारी वडी अखंड!

ओव्हनवर ‘बंद करू नये’ अशी चिठ्ठी नव्हती. बाकीच्या सगळ्या यंत्रांवर होती, मीच लावलेली. पण वाळवायचं कपाट कुणी बंद करेल, हे बाईंच्या डोक्यात येणंच शक्य नव्हतं. आणि आपण काही बंद केलंय, हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सकाळी दात घासले का, असं कुणी विचारलं तर आपल्याला आठवतं का? तसंच. मी ओव्हन चालू केला आणि स्टुलावर बसून रडले. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटत होती. म्हणे साहेबांसमोर हात थरथरतो! दीड वर्ष मी त्या बाईला लिहा लिहा म्हणून छळलं, आणि बोट माझंच होतं.

सोमवारी मी बाईंना दाराशीच गाठलं आणि सगळं सांगितलं. त्या ऐकत होत्या आणि पर्स काखेतून काढायचंही त्यांच्या लक्षात नव्हतं.

"दर शुक्रवारी?"

"हो."

"आणि सोमवारी तूच चालू करायचीस?"

"हो."

त्या ओव्हनपाशी गेल्या, दारावर तळवा ठेवला, आणि माझ्या रशियनच्या वर्गात दोन वर्षांत कधीही न शिकवलेलं असं काहीतरी लांबलचक बोलल्या. मग एकदम हसल्या. मोठ्यांदा. "आणि मी टायटॅनियमला दोष देत होते! तीन वेळा दुसरीकडून मागवलं!" मी पुन्हा माफी मागायला लागले, तर म्हणाल्या, "शनिवारी लावलास ना? मग पुरेसं आहे. चल, वडी करू."

मिश्रण करताना त्या अगदी शांत होत्या. साच्यात भरताना मात्र मान न वळवता म्हणाल्या, "हे वर सांगू नकोस."

"असं कसं?"

"मला सांगितलंस. झालं. त्यांना नको."

मला भरून आलं. वाटलं, काय मोठ्या मनाची बाई! मी हिची एवढी वाट लावली आणि ही मला सांभाळून घेतेय, माझी चूक झाकतेय. पण मनात म्हटलं, नाही, असं चालणार नाही. मी काही इतकी हलकी नाही.

दहा वाजता डायरेक्टर आले. ठिणगी पडली, पट्टा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ गेला, आणि थंड झाल्यावर बाईंनी चिमट्यानं वडी काढून त्यांच्यासमोर ठेवली. एक चीर नाही. डायरेक्टर वाकून बघत म्हणाले, "ब्यूटिफुल. या वेळी वेगळं काय केलंत?"

बाई म्हणाल्या, "हात. आज हात चांगला होता."

आणि मी तोंड उघडलं. सगळं सांगितलं. बटणं, बोट, शुक्रवार, सोमवार. म्हटलं, दोन्ही वेळा यांची काही चूक नव्हती, चूक माझी होती, आणि हे तुम्हाला कळायलाच हवं. बोलताना आत कुठेतरी मी स्वतःवर खूश होते, हेही कबूल करते. मला ओरडा बसेल, निदान एक लांब ईमेल येईल, अशी तयारी ठेवली होती.

डायरेक्टर रागावले नाहीत. त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे कारण सापडलं!" ते म्हणाले. "म्हणजे हातावर काही नाहीच. काजळी सलग चालू ओव्हनमध्ये राहायला हवी, एवढंच. हे तर कुणालाही जमेल. लिहून काढा. दोन आठवड्यांत मला प्रोसिजर द्या."

बाई वडी कागदात गुंडाळत होत्या. त्यांनी वर बघितलं नाही.

दोन आठवडे मी त्यांच्यासमोर वही घेऊन बसले आणि आश्चर्य म्हणजे या वेळी त्यांनी सगळं सांगितलं. किती अंश, किती तास, ट्रेमध्ये थर किती जाड, मिश्रण किती वेळ, दाब किती. न चिडता, न थांबता. दीड वर्ष ज्यासाठी मी डोकं आपटलं ते असं सरळ पदरात पडल्यावर मला आनंद व्हायला हवा होता. मी त्यांना म्हटलंसुद्धा, "बघा, एवढंच तर हवं होतं." त्या म्हणाल्या, "हो. एवढंच." तो ओके लाह म्हणणारा इंजिनियर कागद समोर ठेवून एकटा लॅबमध्ये गेला आणि त्यानं ओळीनं पाच वड्या जाळल्या. पाचही अखंड. त्यातली एक सोमवारी.

त्याच आठवड्यात बाईंना पत्र आलं. काम समाधानकारक रीत्या पूर्ण झाल्यामुळे करार वाढवण्याची आवश्यकता नाही, आभार, शुभेच्छा.

मी तडक हार्बरफ्रंट गाठलं. अपॉइंटमेंट वगैरे काही नाही. डायरेक्टरांना म्हटलं, हा काय प्रकार आहे? तुम्ही म्हणाला होतात, वडी अखंड निघाली तर करार वाढेल. ते म्हणाले, "मी म्हटलं होतं, मग बोलू." मी म्हटलं, उद्या काजळी बदलली, टायटॅनियम बदललं, काही नवीन बिघडलं, तर कोण आहे तुमच्याकडे? तीस वर्षांचं ज्ञान आहे त्या बाईंकडे, आणि तुम्ही त्यातलं एक पान घेऊन त्यांना निरोप देताय? ते शांतपणे म्हणाले, "पण तूच तर सिद्ध केलंस, की हे कुणालाही जमतं." तरीही मी बोलले, बरंच बोलले, आणि त्यांनी सगळं ऐकून घेतलं. ऐकून घेणाऱ्या माणसाशी भांडण्याइतकं वैतागाचं दुसरं काही नाही.

आणि ती प्रोसिजर! ती कंपनीच्या सिस्टिममध्ये चढवताना ‘तयार करणारे’ या जागी नाव यादीतून निवडावं लागतं. यादीत फक्त कायम नोकरीवरची माणसं. करारावरची नाहीत. मी आयटीला फोन केला, मेल केले, एकावर तर ओरडले. त्यांचं म्हणणं एकच, की नाव निवडल्याशिवाय कागद पुढे जात नाही. शेवटी तिथे माझं नाव आहे. ते लेख परत आलेले, शोध दुसऱ्याच्या खात्यावर पडलेले रशियन लोक मी इथल्या पोरांना तावातावानं ऐकवत होते ना, आता त्यांच्या यादीत आणखी एक, आणि हे माझ्या हातून.

जूनच्या शेवटच्या आठवड्यात बाई टेबल आवरत होत्या. फार काही नव्हतंच. एक कप, दोन वह्या, विणायला घेतलेलं काहीतरी पिवळं, इवलंसं. मी समोर उभी राहिले आणि तेच दळण पुन्हा दळलं, की ओव्हनसाठी मला माफ करा, मी खरंच नकळत केलं.

"ओव्हनचं काय घेऊन बसलीस?" त्या म्हणाल्या. "ते कुणाच्याही हातून होईल. पण मी तुला सांगू नकोस म्हटलं होतं. ते का म्हटलं असेल, असं वाटलं तुला?"

मी म्हटलं, "मला वाटलं, तुम्ही मला सांभाळून घेताय."

"तुला?" त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. नीट, बराच वेळ.

"अगं, मला इथे राहायचं होतं," त्या म्हणाल्या, आणि ते पिवळं विणकाम पर्समध्ये ठेवून त्यांनी चेन लावली.